सीसी नंतर, चाक आधी

मोठी मोटरसायकल विकून स्कूटर घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो तो सीसीचा. साडेतीनशेची बुलेट, पावणेचारशेची डॉमिनार किंवा साडेसहाशेची इंटरसेप्टर वर्षानुवर्षे चालवलेल्याला ‘दीडशे’ हा आकडा ऐकूनच पायउतार झाल्यासारखे वाटते. सेल्समनही त्याच भाषेत उत्तरे देतो. पॉवर किती, टॉप स्पीड किती, पिकअप कसा. मग माणूस एक तर हिरमुसून घरी परततो, नाही तर दहा-बारा लाखांच्या परदेशी स्कूटरची माहितीपत्रके चाळू लागतो.

हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही. कुणाचे गुडघे कुरकुरतात. कुणाचा डावा पंजा कोंडीत क्लच दाबून दाबून बधिर होतो. कुणाला दोनशे किलोची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे ओढवत नाही. पण साधी स्कूटर घ्यावी तर खड्ड्यांची आणि घाटरस्त्याची धास्ती वाटते. अशांसाठी ‘मॅक्सी’ नावाचा एक वर्ग बाजारात आहे. लांब अंगाची, रुंद आणि ऐसपैस सीटची, पुढे पाय पसरायला जागा देणारी, छातीवरचा वारा अडवणारी काच असलेली आणि सीटखाली मोठी डिकी असलेली स्कूटर म्हणजे मॅक्सी. या वर्गाचा इतिहास, आपले रस्ते, गाडीची यंत्ररचना आणि चालवणाऱ्याचे शरीर अशा सगळ्या बाजू तपासल्या की एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या बाईकवरून उतरणाऱ्याला आपल्याकडे इंजिनाची उणीव फारशी भासत नाही, चाकाची भासते.

हा वर्ग आला कुठून

मॅक्सी स्कूटरची वंशावळ बहुतेक जण १९८६ सालच्या होंडाच्या सीएन २५० पासून मांडतात. जपानात ती फ्यूजन, अमेरिकेत हेलिक्स आणि इटलीत स्पाझिओ या नावाने विकली गेली. बुटकी, लांबलचक आणि मागे मोटारीसारखी डिकी असलेली ही स्कूटर चालवताना खुर्चीत बसल्यासारखे वाटे. १९९५ मध्ये यामाहाची मॅजेस्टी आली, १९९८ मध्ये सुझुकीची बर्गमन. २००१ मध्ये यामाहाने टीमॅक्स आणली आणि तेव्हापासून या वर्गाला मोटरसायकलवाल्यांमध्ये मान मिळाला.

साध्या स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टची पेटी आणि मागचे चाक असा सगळा ऐवज एकत्र बांधलेला असतो आणि तो चाकाबरोबर वर-खाली हलतो. टीमॅक्समध्ये दोन सिलिंडरचे ४९९ सीसीचे इंजिन चौकटीला पक्के बसवले आणि मागचे चाक मोटरसायकलसारखे वेगळ्या स्विंगआर्मवर टांगले. मागचा शॉकॲब्सॉर्बर इंजिनाच्या वजनातून सुटला, त्यामुळे वळणावर गाडी ठाम राहू लागली. २००२ मध्ये सुझुकीने ६३८ सीसीची बर्गमन ६५० आणली. २००६ मध्ये पियाजिओने पुढे दोन चाके असलेली एमपी३ काढली.

या गाड्यांचे खरे गिऱ्हाईक मिलान, रोम, पॅरिसच्या उपनगरांत राहणारा नोकरदार होता. घरापासून गाठायचा वेगवान मोटरवे, त्यानंतर शहरातली तुंबलेली गल्ली, अंगात सूट आणि डोक्यावर पावसाचे ढग. शंभर-सव्वाशेच्या वेगाने अर्धा तास जायचे आणि उरलेला अर्धा तास गाड्यांच्या फटींतून सरपटायचे, या दोन्ही कामांना एकच वाहन हवे होते. पाचशे-सहाशे सीसीच्या स्कूटरचा जन्म या गरजेतून झाला. जपानात २००५ मध्ये फक्त स्वयंचलित दुचाकींसाठीचा वेगळा परवाना सुरू झाला, त्यानेही या वर्गाला हातभार लागला.

आपल्याकडे याचा पहिला प्रयोग मराठी मातीतल्या कंपनीने केला, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आणून गिअर नसलेल्या स्कूटरची गोडी लावणाऱ्या पुण्याच्या कायनेटिकने इटलीच्या इटालजेट कंपनीकडून स्कूटरची डिझाइन्स विकत घेतली होती. त्यांतूनच २००६ मध्ये १६५ सीसीची ‘ब्लेझ’ बाजारात आली. दिसायला देखणी आणि त्या काळच्या मानाने ताकदवान असूनही ती टिकली नाही. स्कूटर म्हणजे घरगुती कामाचे स्वस्त वाहन अशी तेव्हाच्या गिऱ्हाइकाची समजूत होती आणि तरुणांना मोटरसायकलीच हव्या होत्या. चेतकने देशभर नाव कमावलेल्या बजाजनेही २००९ च्या अखेरीस स्कूटरचा धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर मोठ्या स्कूटरची आठवण बाजाराला झाली ती थेट २०१८ मध्ये, सुझुकीची बर्गमन स्ट्रीट आली तेव्हा.

आपले रस्ते काय सांगतात

युरोपात मोठ्या मॅक्सीचे निम्मे समर्थन मोटरवेमधून येते. महाराष्ट्रात तो रस्ताच दुचाकीला बंद आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता यांपैकी कशावरही दुचाकी चालत नाही, मग ती शंभर सीसीची असो की हजार सीसीची. आपल्या वाट्याला जुना मुंबई–पुणे रस्ता, पुणे–सातारा–कोल्हापूर महामार्ग, मुंबई–गोवा महामार्ग आणि त्यांना जोडणारे घाट येतात. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला ताशी ८० किलोमीटर आणि नगरपालिका हद्दीत ६० किलोमीटरची कमाल मर्यादा घालून दिली आहे.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की याहून कितीतरी वेगवान स्कूटरचा हिशेब आपल्याकडे जुळत नाही. दीडशे-एकशेसाठ सीसीचे पाण्याने थंड होणारे इंजिन ऐंशीच्या वेगाने दिवसभर सुखाने चालते. मोठ्या इंजिनाचा उपयोग उरतो तो ओव्हरटेक करताना, डबलसीट घाट चढताना आणि इंजिन कमी फिरत असल्याने मिळणाऱ्या शांतपणात. हा उपयोग खरा आहे. त्यासाठी किती पैसे मोजायचे, एवढाच प्रश्न आहे.

चाकाचा हिशेब

टायरवर छापलेल्या आकड्यांवरून चाकाचा बाहेरचा व्यास काढता येतो. रिमचा व्यास घ्यायचा आणि त्यात टायरच्या उंचीची दुप्पट मिळवायची. बुलेटच्याच घराण्यातल्या क्लासिक ३५० च्या पुढच्या १९ इंची चाकाचा व्यास असा सुमारे ६६ सेंटिमीटर भरतो. डॉमिनार ४०० च्या १७ इंची चाकाचा ५९. यामाहा एरॉक्सच्या १४ इंची पुढच्या चाकाचा ५३. बर्गमन स्ट्रीटच्या मूळ मॉडेलचे पुढचे १२ इंची चाक ४७ आणि मागचे १० इंची चाक जेमतेम ४३ सेंटिमीटर.

चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात खोल उतरते आणि गतिरोधकाच्या कडेला जास्त उभा धक्का देते. मोठे चाक वेगात फिरताना स्वतःची दिशाही अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणूनच बुलेटवरून थेट १० इंची चाकावर बसलेल्याला पन्नासच्या वेगातही हँडल हलके आणि चंचल वाटते. मुंबई–गोवा रस्त्याच्या अर्धवट काँक्रीटवर, गावाच्या वेशीवर कुणी रातोरात टाकलेल्या गतिरोधकावर किंवा पावसाळ्यानंतरच्या कुठल्याही जिल्हा मार्गावर अशा माणसाचा विश्वास डळमळतो. त्याला वाटते आपल्याला ताकद कमी पडते. कमी पडलेला असतो चाकाचा घेर.

हाच हिशेब महागड्या गाड्यांना लावला की गंमत दिसते. भारतात ऑक्टोबर २०२१ मध्ये ९.९५ लाख रुपयांना आलेल्या बीएमडब्ल्यू सी ४०० जीटीचे पुढचे १५ इंची चाक ५५ सेंटिमीटर भरते, म्हणजे एरॉक्सच्या चाकापेक्षा जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त. मोटरसायकलच्या मापाचे पुढचे चाक मिळते ते होंडाच्या ७४५ सीसीच्या एक्स-एडीव्हीमध्ये. तिचे १७ इंची चाक ६० सेंटिमीटरचे आहे. थोडक्यात, १२ वरून १४ इंचांवर जाताना मोठा फरक पडतो आणि तो फरक दीड लाखाच्या आसपासच्या गाडीतही पदरात पडतो.

ताकदीबद्दलचे गैरसमज

क्लासिक ३५० चे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचे आणि गाडी १९५ किलोची. एरॉक्सचे इंजिन पंधराच्या आतबाहेर आणि गाडी १२६ किलोची. त्यावर पाऊणशे किलोचा एक माणूस बसवला तर दर शंभर किलोमागे दोघींच्या वाट्याला साधारण साडेसात अश्वशक्ती येते. म्हणजे एकट्याने चालवताना बुलेटवाल्याला एरॉक्स कमजोर वाटण्याचे कारण नाही. मागे तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस बसला की स्कूटर आठ-नऊ टक्क्यांनी मागे पडते आणि सामान लादले की आणखी थोडी. हलक्या गाडीला स्वारांचे वजन जास्त जाणवते, एवढेच यातून दिसते. डॉमिनारच्या ४० किंवा इंटरसेप्टरच्या ४७ अश्वशक्तीवरून येणाऱ्याला मात्र फरक नक्की जाणवेल. त्याची कोणत्याही आकडेमोडीने समजूत घालता येणार नाही.

गिअर नसल्याने ताकद हाती येण्याची पद्धतही बदलते. स्कूटरच्या बेल्टच्या पेटीत पुढच्या कप्पीत लहान वजनदार रोलर असतात. इंजिन फिरू लागले की ते बाहेर फेकले जातात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात, बेल्ट वर सरकतो आणि गिअरचे प्रमाण आपोआप बदलत जाते. त्यामुळे इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर टिकून राहते. क्लचमधून टॉर्क झटकन सोडण्याची मोटरसायकलवाल्याची सवय इथे उपयोगाची नाही. ओव्हरटेक करायचा तर थ्रॉटल क्षणभर आधी उघडावा लागतो. आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. बुलेटच्या संथ ठोक्यांची सवय असलेल्याला हा आवाज सुरुवातीला खटकतो.

शरीराला काय सोपे, काय अवघड

गुडघ्यांसाठी आणि डाव्या हातासाठी स्कूटर हा निखळ दिलासा आहे. गिअरला पाय नाही, क्लचला हात नाही आणि फूटबोर्ड सपाट असेल तर पाय उंच उचलून टांग टाकावी लागत नाही.

पाठीचा मामला मात्र उलटा जाऊ शकतो आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. मोटरसायकलवर पाय शरीराच्या खाली असतात. खड्डा दिसला की माणूस नकळत पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठतो आणि धक्का मांड्यांत जिरतो. स्कूटरवर पाय पुढे असल्याने तसे उठता येत नाही. धक्का सरळ कण्यात जातो. त्यात इंजिनासकट हलणारे मागचे जड चाक आणि कमी लांबीचे शॉकॲब्सॉर्बर. म्हणून ‘पाठ दुखते म्हणून स्कूटर घेतो’ असे म्हणणाऱ्याने आधी खराब रस्त्यावर तासभर चालवून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत. सीट मऊ आहे की कडक, हे शोरूममध्ये बोट दाबून कळत नाही.

वजनाचाही नीट विचार करायला हवा. मोठी बाईक पेलत नाही म्हणून मोठी स्कूटर घेणाऱ्याने काटा पाहावा. बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी २१४ किलोची आहे, म्हणजे क्लासिक ३५० पेक्षा जड आणि इंटरसेप्टरच्या जवळपास. एक्स-एडीव्ही २३५ किलोच्या पुढे जाते. स्कूटरचे वजन खाली असल्याने चालताना ते जाणवत नाही, पण उतारावरच्या पार्किंगमधून मागे ढकलताना सगळे किलो हजर होतात. सीटच्या उंचीचा आकडाही फसवा असतो. एरॉक्सची सीट ७९० मिलिमीटरची, म्हणजे बुलेटपेक्षा कमी, पण मॅक्सीची सीट रुंद असल्याने मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवर पाय जमिनीला कमी टेकतो. पाच फूट चार इंचांच्या माणसाने आकड्यावर विसंबू नये, बसून पाहावे.

मागे बसणाऱ्याचे मतही घ्यावे. मॅक्सीची मागची सीट पुढच्यापेक्षा उंच असते. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या आई-आजीला ती सोयीची नाही. घरातली कामेही आठवावीत. एरॉक्ससारख्या गाडीत पायांमध्ये उंच कणा आहे, त्यामुळे गॅसचा सिलिंडर किंवा तांदळाचे पोते ठेवायला सपाट जागा नाही. डिकी मोठी असली तरी ती हेल्मेट आणि रेनकोटाची सोय करते, किराण्याची नाही.

बाजारात आज काय आहे

सगळ्यांत खालच्या पायरीवर बर्गमन स्ट्रीट आहे. १२५ सीसी, सुमारे ११० किलो, पावणेनऊ अश्वशक्तीच्या आतबाहेर. अंग मॅक्सीचे, काळीज साध्या स्कूटरचे. सपाट फूटबोर्ड, ऐसपैस सीट आणि शहरात कमालीची सोय. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ईएक्स प्रकारात मागचे चाक १० वरून १२ इंचांचे झाले. घेणार असाल तर तोच प्रकार पाहा. महामार्गावर मात्र तिची दमछाक लवकर होते. मोठी बाईक विकून केवळ हीच घेणाऱ्याची चूक होण्याचा संभव जास्त. बाईक ठेवून जोडीला घेतली तर उत्तम.

डिसेंबर २०२० मध्ये आलेली एप्रिलिया एसएक्सआर १६० ही आपल्या बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात घडलेली गाडी. आखणी इटलीतली, १६० सीसी, सुमारे ११ अश्वशक्ती, १२ इंची रुंद टायर. वळणावर तिची पकड छान आहे आणि सात लिटरची टाकी प्रवासाला सोयीची. सस्पेन्शन कडक असल्याने पाठीची तक्रार असणाऱ्याने जपून. सेकंडहँड बाजारात ही बरी मिळू शकते, पण आपल्या गावात सर्व्हिसची सोय आहे का, ते आधी पाहावे.

एकशेपंचावन्न-एकशेसाठचा वर्ग हा आजच्या निवडीचा गाभा. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या एरॉक्स १५५ मध्ये यामाहाच्या आर१५ मोटरसायकलच्या घराण्यातले पाण्याने थंड होणारे इंजिन आहे, १४ इंची चाके आहेत, डिकी साडेचोवीस लिटरची आहे. चालीला ती स्कूटरपेक्षा मोटरसायकलच्या जवळ जाते. उणिवाही ठळक आहेत. मागे ड्रम ब्रेक, एबीएस फक्त पुढच्या चाकाला, सस्पेन्शन कडक आणि टाकी साडेपाच लिटरची. लिटरला चाळीसचा ॲव्हरेज धरला तर भरलेल्या टाकीत दोनशे वीस किलोमीटर. पुणे–कोल्हापूर गाठता गाठता पंप शोधावा लागेल. जानेवारी २०२५ मध्ये दीड लाखाच्या किंचित आत किंमत लावून आलेली हीरो झूम १६० हिची थेट स्पर्धक. तीही पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, पंधराला टेकणाऱ्या अश्वशक्तीची आणि १४ इंची चाकांची. ती एरॉक्सपेक्षा जड आहे आणि तिचा बाज खेळकरपणापेक्षा आडवाटेच्या मजबुतीकडे झुकतो. तालुक्याच्या गावातही हीरोचे दुकान सापडते, हा तिचा मोठा गुण. खेड्यापाड्यातून फिरणाऱ्याला तो इंजिनाच्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाचा.

यानंतर बाजारात मोठी दरी आहे. आग्नेय आशिया आणि युरोपात मोटरसायकल सोडणारे लोक ज्या वर्गाकडे वळतात तो अडीचशे ते साडेतीनशे सीसीचा वर्ग, म्हणजे यामाहा एक्समॅक्स ३०० किंवा होंडा फोर्झा ३५०, आपल्या शोरूममध्ये सहज मिळत नाही. २०२२ मध्ये कीवेची २७८ सीसीची व्हिएस्टे ३०० तीन लाखांच्या आसपास आली, पण तुरळक विक्रेत्यांमुळे तिची सर्व्हिस आणि सुटे भाग हा कायमचा घोर राहतो. बुलेटवरून उतरणाऱ्याला खरे तर नेमका हाच वर्ग हवा असतो. २५-३० अश्वशक्ती, दोनशे किलोच्या आत वजन आणि डबलसीट घाट चढायची ऐपत.

दरीच्या पलीकडे बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी. ३५० सीसी, ३४ अश्वशक्ती, दोन्ही चाकांना एबीएस, उंच काच, गरम होणारी मूठ आणि सीट. भरल्या टाकीत साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला. एक गोम अशी की सीटखालचा हेल्मेटचा कप्पा गाडी उभी असतानाच खाली पसरतो. चालत्या गाडीत पूर्ण हेल्मेट त्यात मावत नाही. मे २०२५ मध्ये ११.९० लाखांना आलेली एक्स-एडीव्ही ही खरे तर स्कूटरच्या वेषातली मोटरसायकल. तिच्यात बेल्ट नाही, दोन क्लचचा स्वयंचलित सहा गिअरचा डबा आहे, साखळी आहे आणि दीडशे मिलिमीटरच्या आसपास हलणारे सस्पेन्शन आहे. खराब रस्त्यावर मोठ्या बाईकची खरी बरोबरी करते ती हीच. पण ती चालवण्यासाठी लागणारी उंची, ताकद आणि पैसा ज्याच्याकडे आहे, त्याला बाईक सोडायची गरज फारशी उरत नाही.

विजेवर चालणाऱ्यांत बीएमडब्ल्यूची सीई ०४ जुलै २०२४ मध्ये १४.९० लाखांना आली. ताशी १२० वेग आणि सुमारे १३० किलोमीटरचा पल्ला, म्हणजे शहरापुरती श्रीमंती. व्यवहारी माणसाने बेंगळुरूच्या रिव्हरची इंडी पाहावी. मॅक्सी म्हणून ती विकली जात नाही, पण १४ इंची चाके आणि सीटखाली ४३ लिटरची डिकी या दोन्ही कसोट्यांवर ती बऱ्याच मॅक्सींना मागे टाकते.

हाताची जुनी सवय

गाडी कोणतीही घेतली तरी पहिले काही आठवडे धोक्याचे असतात, आणि धोका डाव्या हातात आहे. मोटरसायकलवर डावा लिव्हर म्हणजे क्लच. अचानक काही आडवे आले की वर्षानुवर्षांच्या सवयीने तो पूर्ण दाबला जातो. स्कूटरवर तो मागचा ब्रेक असतो. ओल्या रस्त्यावर तो आवळला की मागचे चाक जागीच थांबते आणि गाडी आडवी घसरते. एबीएस फक्त पुढे असेल तर इथे मदतीला कोणी नाही. रिकाम्या मैदानावर मुद्दाम ब्रेक मारून हाताला नवे वळण लावणे हाच यावरचा इलाज. हळू वेगात वळताना मोटरसायकलवर अर्धा क्लच वापरतो. स्कूटरवर थ्रॉटल किंचित उघडा ठेवून मागचा ब्रेक हलकेच ओढून धरायचा.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरचा आधार नसतो. थ्रॉटल अगदी मिटून वेग फार कमी केला की स्कूटरचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. वरंधा किंवा आंबेनळीसारख्या उतारावर थोडा थ्रॉटल धरून क्लच लागलेला ठेवावा आणि ब्रेक सतत दाबून न धरता मध्ये मध्ये सोडत वापरावेत. उतारावर गिअरमध्ये टाकून गाडी उभी करायची सोयही नाही. कोकणातल्या चढणीच्या अंगणात मेन स्टँड किंवा ब्रेकचे लॉक लागते, म्हणून ते आहे का ते घेण्याआधी पाहावे. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून गेल्यावर बेल्टच्या पेटीत पाणी शिरले तर बेल्ट घसरतो. मुंबईत राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

खर्चाची बाजू

साखळीला तेल घालणे सुटते. त्याबदल्यात बेल्ट आणि रोलर ठरावीक अंतराने बदलावे लागतात. साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरचा हिशेब धरावा. लहान मॅक्सींत हा खर्च सोसण्याजोगा आहे, परदेशी गाड्यांत बेल्ट आणि टायर दोन्ही महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के जीएसटी लागू झाल्याने ही सीमारेषा खिशाला चांगलीच जाणवते. विम्यातही पायऱ्या आहेत. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये होता, ३५० च्या पुढे २,८०४. ३५० च्या पुढची बाईक सोडण्याचा हा एक निश्चित लाभ, पण केवळ त्यासाठी गाडी बदलण्याइतका मोठा नाही.

कोणी काय घ्यावे

आठवड्याचे सहा दिवस शहरात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादी एकट्याची लांब फेरी असा ज्याचा वापर आहे, त्याने डोळे झाकून १४ इंची चाकांचा एकशेपंचावन्न-एकशेसाठचा वर्ग निवडावा. वळणाची हौस असेल तर एरॉक्स, आडगावी जाणे आणि दुकान जवळ असणे महत्त्वाचे वाटत असेल तर झूम. पाठ नाजूक असेल तर दोन्ही चालवून पाहाव्यात आणि दोन्ही नको वाटल्या तर मोटरसायकलवरच राहावे. उंच हँडलाची, पाय खाली असलेली हलकी मोटरसायकल अशा माणसाला कोणत्याही स्कूटरपेक्षा सुखाची.

ज्याच्या घरात दोन गाड्यांना जागा आहे, त्याने बाईक विकूच नये. शहराच्या कामाला बर्गमन स्ट्रीट किंवा इंडी घ्यावी आणि लांबच्या वाटेला बाईक. दोन्ही कामे एकाच वाहनाने करायची युरोपातली सक्ती आपल्याला नाही, कारण आपल्या शहरातून गावाकडे जाणारा रस्ता ऐंशीच्या वर नेतच नाही. कायम डबलसीट, सामानासह, घाटांतून फिरणाऱ्या जोडप्याला छोटी मॅक्सी तोकडी पडेल आणि मोठी परवडली तरी तिच्या वजनाचा पेच तसाच राहील. पैशांची अडचण नसलेल्या, गुडघ्याने बेजार झालेल्या आणि अंगात ताकद असलेल्या माणसासाठी सी ४०० जीटी आहे. असे लोक थोडे आहेत आणि त्यांना सल्ला लागत नाही.

उरतात ते मधले, म्हणजे साडेतीनशेच्या बाईकवरून उतरलेले, जोडीने फिरणारे आणि तीन-साडेतीन लाख खर्चायला तयार असलेले. संख्येने हेच सर्वांत जास्त आणि त्यांच्याच मापाची गाडी बाजारात नाही. त्यांनी आज घाईने एका टोकाची गाडी घेण्यापेक्षा आहे ती बाईक दोन-तीन वर्षे सांभाळावी. ३५० सीसीपर्यंतचा कर उतरल्यावर या दरीत गाडी आणणे कंपन्यांना पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ती आली की आधी टायरवरचा आकडा वाचायचा, मग मागे जोडीदाराला बसवून गावातल्या सर्वांत वाईट रस्त्यावर चालवायची. सीसी विचारायची वेळ त्यानंतरची.